कोकण सहल : वाड्याचा ॲडव्हान्स आज जायलाच हवा

वैशाली (ए-२०२): सर्वांना नमस्कार. सावंतवाडीच्या वाड्याचे मालक सकाळपासून दोनदा फोन करून राहिले. आपल्या भरवशावर त्यांनी आठही खोल्या अडवून ठेवल्यात. आठ घरांनी हो म्हटलं होतं, पैसे तिघांचेच आलेत. आज रात्रीपर्यंत कृपया पाठवा.

बोरकर काका (सी-१०१): खोलीतून समुद्र दिसतो का?

प्रशांत (बी-३०४): दिसणार कसा? वेंगुर्ल्याचा किनारा तिथून पंचवीस-तीस किलोमीटर. मी आधीपासून सांगून राहिलो, तारकर्लीला वाळूवरच रिसॉर्ट घ्या. नागपूरहून इतकं दूर जायचं अन् समुद्र पाहायला रोज गाडीत बसायचं, काहून?

वैशाली: प्रशांतभाऊ, रोज हॉटेल बदललं की अर्धा दिवस बॅगा भरण्यात जातो. पचमढीला पाहिलं ना सगळ्यांनी? एकाच घरी मुक्काम ठेवला तर सकाळी घावणे खाऊन मोकळ्या हातांनी निघता येतं. एक दिवस वेंगुर्ला, शिरोडा, रेडीचा गणपती. एक दिवस मालवण. ज्याला थकवा वाटेल त्यानं पडवीत बसावं, मागे सुपारीची बाग आहे. सासूबाईंना वाळूत चालवत नाही, तोही विचार करा.

मंदा काकू (ए-१०३): पचमढीवरून आठवलं. जीपचे पैसे अजून यायचेत. नाव घेत नाही.

प्रशांत: घ्या ना नाव काकू. मी त्याच संध्याकाळी रोख दिले होते.

मंदा काकू: वहीत नाहीत.

सेक्रेटरी (बी-१०२): हा विषय कृपया पर्सनलवर.

बोरकर काका: समुद्राचं कोणी सांगितलं नाही.

रोहित (सी-३०२): काका, तोवर फुटाळा तलावावर एक चक्कर मारून या 😄

मंदा काकू: रोहित, मोठ्यांशी असं बोलतात का बाप्पा?

नीलेश (बी-२०१): तारीख आधी ठरवा. अधिवेशन संपेपर्यंत आमच्या सुट्ट्या बंद. ते संपलं की नाताळ, तेव्हा मालवणात पाय ठेवायला जागा नसते अन् भाडीही चढलेली असतात. जानेवारीतच चला.

सुहास काका (ए-४०१): मी मालवणचा, म्हणून दोन शब्द. तारीख धरताना पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी त्यामानाने शांत. वयस्कर माणसांना होडीत चढायला-उतरायला तेव्हा बरं पडतं.
आणि सिंधुदुर्ग घाईत उरकू नका. होडी किल्ल्याकडे निघते तेव्हा समोर नुसता तट दिसतो, दरवाजा कुठेच नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांमधली वळणाची वाट उघडते. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला मुहूर्त केला आणि १६६७ मध्ये काम पुरं झालं. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा चुन्यात जपलेला आहे. तिथं माझा आवाज आजही दाटतो.

मंदा काकू: शिवराजेश्वराचं मंदिर आतच ना? राजाराम महाराजांनी बांधलेलं. मला तिथं ओटी भरायची आहे.

रोहित: जेवण झणझणीत असतं ना? सावजी खाणाऱ्यांना फिक्कं नको.

सुहास काका: सोलकढी पी, मग बोल.

प्रशांत: किल्ला बघायचाच आहे, पण मुलांना लाटांत खेळायचंय हो. शेवटची एक रात्र तरी देवबागला ठेवा. कर्ली नदी समुद्राला मिळते ते तिथंच.

वैशाली: म्हणजे पुन्हा बॅगा. बरं, मुलांसाठी ठेवते. पण वाड्याच्या रात्री कमी होणार नाहीत. बोरकर काका, वाड्यातून समुद्र दिसत नाही. देवबागची खोली तुम्हाला पाण्याकडची देईन.

बोरकर काका: मग माझे दोघांचे धरा.

नीलेश: रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं. नागपूर-मडगाव स्पेशल आठवड्यातून दोनदाच आहे, कुडाळला उतरायचं. उघडल्या उघडल्या काढावं लागेल, नंतर रडू नका.

वैशाली: खालच्या मजल्याच्या दोनच खोल्या आहेत. एक सासूबाईंना, एक बोरकर काकांना. बाकीच्यांनी जिना चढायचा, आत्ताच सांगून ठेवते. तिकिटासाठी सगळ्यांची नावं अन् वय आधार कार्डाप्रमाणे पाठवा.

प्रशांत: ॲडव्हान्स पाठवला. मंदा काकू, जीपचेही पुन्हा पाठवले. आता वहीत लिहून घ्या.