मुलीचे कुरळे केस, डोक्यात कोंडा आणि वर नागपूरचा उन्हाळा

बेसा_आई

नमस्कार. माझी मुलगी 13 वर्षांची आहे, यंदा नववीत जाईल. केस दाट कुरळे, एरवी खांद्यापर्यंत दिसतात, ओढले की कंबरेला लागतात. ती तिच्या आत्यावर गेली आहे. माझ्या माहेरी सगळ्यांचे केस सरळ, त्यामुळे घरात विचारायला कोणी नाही.

सध्या असं चालतं : शनिवारी रात्री डोक्याला भरपूर खोबरेल तेल, रविवारी सकाळी शाम्पू, पंख्याखाली वाळवून ब्रश. ब्रश केला की केस फुलून दुप्पट होतात, म्हणून पुन्हा तेलाचा हात लावून दोन घट्ट वेण्या. दिवाळीपासून कोंडा आहे. आता खाज इतकी वाढली की अभ्यासाला बसली की एक हात डोक्यातच. पापुद्रे पिवळसर, जरा चिकट निघतात. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये बोअरचं पाणी आहे, बादलीवर पांढरा थर चढतो. दिवसभर कुलर सुरू.

मेअखेर भाच्याचं लग्न आहे. जवळच्या पार्लरवाल्या म्हणतात केराटिन करून घ्या, केस महिनोन्‌महिने सरळ राहतील, कोंडाही जाईल. मुलगी लगेच तयार झाली. शाळेत तिला झिपरी म्हणतात. परवा आरशासमोर उभी राहून मला म्हणाली, "आई, माझेच केस असे काहून?" मला तिला नीट उत्तर द्यायचं आहे. केराटिन करावं का? आणि कोंड्याचं काय करू?

महालची_आजी

पोरी, इतवारीच्या किराणा ओळीत जा. शिकेकाई, रीठा, आवळकाठी, थोडा नागरमोथा आण. रात्री लोखंडी कढईत भिजव, सकाळी उकळून त्या पाण्यानं डोकं धू. आमच्या घरी सगळ्या पोरींचे केस यावरच वाढले. रीठा कमी घाल, डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. केराटिन-बिराटिन नको करू लेकराला.

धंतोली_पार्लर

ताई, मी धंतोलीत पार्लर चालवते आणि माझे स्वतःचे केस कुरळे आहेत. तुमच्या मुलीसारख्या पोरी माझ्या खुर्चीत रोज बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केराटिनचं आधी, कारण त्याची घाई सुरू आहे. करू नका. माझ्याकडे शाळकरी मुलींना आम्ही ते करतच नाही, आई कितीही म्हणाली तरी. अशा बऱ्याच क्रीममध्ये फॉर्मॅल्डिहाइड असतं, किंवा तापवल्यावर तो वायू सोडणारं द्रव्य असतं. क्रीम लावून वर 200 अंशांच्या आसपास तापलेली इस्त्री फिरवतात, तो धूर मुलीच्या नाकात जातो आणि करणाऱ्या बाईच्याही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्येच फॉर्मॅल्डिहाइडला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं. आता "फॉर्मॅल्डिहाइड नाही" असं लिहिलेले डबे येतात, त्यातल्या बऱ्याच डब्यांत ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. ते वापरल्यावर किडनीला इजा झाल्याच्या केसेस इस्रायल आणि फ्रान्सच्या डॉक्टरांनी छापल्या आहेत. आणि यातल्या कशानंही कोंडा जात नाही. उलट खाजवून सोललेल्या कातडीवर ती क्रीम म्हणजे आग. पार्लरमध्ये कोणी सांगितलं की कोंडा जाईल, तर तिथून उठून या.

आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. तिला सांगा, केस ज्या मुळातून उगवतो ते कातडीच्या आत वाकडं असेल तर केस वळण घेऊनच बाहेर येतो. तिच्या डोक्यात ती मुळं वाकडी आहेत, आत्याकडून आली आहेत. वरचा केस कितीही सरळ केला तरी खालून येणारा नवा केस कुरळाच येणार, कारण मूळ बदलत नाही. तिचं काही बिघडलेलं नाही.

याच वळणामुळे तुमचा सगळा घोळ होतो आहे. डोक्याच्या कातडीतून सुटणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. कुरळ्या केसात ते वळणावळणाला अडतं, टोकापर्यंत पोचत नाही. म्हणून एकाच पोरीचं डोकं तेलकट आणि केसांची टोकं वाळकी असू शकतात. त्यांची काळजी वेगवेगळी घ्यायची. डोक्याला एक, केसाला एक. आपल्याकडे केस कोरडे दिसले की डोक्याला तेल चोळतात, आणि कोंड्याला तेच हवं असतं.

कोंडा म्हणजे बहुतेक वेळा मॅलॅसेझिया नावाची बुरशी. ती प्रत्येकाच्या डोक्यावर असते, तुमच्या-माझ्याही. ती कातडीवरच्या तेलातले स्निग्ध पदार्थ खाते, आणि त्यातून जे उरतं त्यानं काहींची कातडी चिडते, खाज सुटते, पापुद्रे निघतात. तुम्ही पिवळसर आणि चिकट लिहिलं आहे, त्यावरून मला हाच वाटतो. कातडी नुसती कोरडी असती तर बारीक, पांढरी, पिठासारखी भुकटी पडली असती. रात्रभर डोक्यात मुरवलेलं तेल त्या बुरशीला जेवण आहे. तेव्हा कोंडा जाईपर्यंत डोक्याला तेल बंद.

खोबरेल तेल फेकू मात्र नका. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली प्रथिनं कमी वाहून जातात. खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना आपल्याच देशातल्या संशोधकांनी 2003 मध्ये छापली होती, त्यात हे खोबरेलानंच केलं. म्हणून तेल कानाच्या खालच्या केसांना, नहायच्या तासभर आधी. वर जाऊ देऊ नका.

शाम्पू : केमिस्टकडे कीटोकोनॅझोल 2 टक्के मिळतो. आठवड्यातून दोनदा, मध्ये तीन दिवसांचं अंतर, महिनाभर. केसांचे चार भाग करा, फेस बोटांच्या पेरांनी कातडीवरच लावा आणि 3 ते 5 मिनिटं राहू द्या. ही मिनिटं फार महत्त्वाची, लावला-धुतला केलं तर औषध काम करत नाही. खालच्या केसांना हा शाम्पू चोळायचा नाही, त्यांना आधीच कंडिशनर लावून ठेवा म्हणजे ते वाळणार नाहीत. खाज थांबली की पंधरा दिवसांतून एकदा पुरतो. महिन्यात फरक नाही पडला, भुवयांत किंवा नाकाच्या कडेला लाल पापुद्रे दिसले, कातडीवर जाड चंदेरी थर दिसला, तर घरी प्रयोग नकोत. गोल चट्टा पडून तिथले केस तुटलेले दिसले तर एक दिवसही थांबू नका. तो नायटा असू शकतो, त्याला पोटातून गोळी लागते, नुसत्या शाम्पूनं जात नाही. आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे, केसपेपर काढा आणि दाखवा.

आणि ब्रश. कोरड्या कुरळ्या केसांत ब्रश घालायचाच नाही, तो वळणांचे गुच्छ फोडतो म्हणून केस फुलतात. मोठ्या दातांचा कंगवा, ओल्या केसांत, कंडिशनर लावलेला असताना, टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर. धुताना कंडिशनर सगळा काढू नका, थोडा निसरडेपणा हाताला लागला पाहिजे. टॉवेलनं घासायचं नाही. जुन्या सुती बनियनमध्ये केस खालून वर मुठीत धरून दाबा, पाणी निघतं आणि वळण बसतं.

महालची_आजी

बाई, तू छान समजावून सांगितलं. तेल डोक्यात नको हे मला पटायला वेळ लागेल, पण पोरीची खाज जायला हवी. शिकेकाई तरी चालेल ना?

धंतोली_पार्लर

आजी, चालेल की. कोंडा गेला की मधल्या एखाद्या वेळी वापरू द्या. फक्त काढा दोनदा गाळून. शिकेकाईचा चोथा कुरळ्या केसांत अडकतो, आणि मग तो काढायला परत कंगवा, परत ओढाताण.

हिंगणा_बाइक

मी मुलगा आहे, पण केस असेच. हिंगण्याला एमआयडीसीत कामाला रोज बाइकवर जातो. हेल्मेटच्या आत घामानं डोकं भिजतं आणि मी तसाच दिवसभर फिरत होतो तेव्हा फार खाज होती. आता हेल्मेटखाली पातळ सुती कापड बांधतो, रोज धुतलेलं, आणि पोचल्यावर केस मोकळे करून डोकं आधी वाळवतो. ताई, मुलगी ट्यूशनला गाडीवर जात असेल आणि तोंडाला-डोक्याला दुपट्टा गुंडाळत असेल तर तो रोज धुतलेला हवा. एकच दुपट्टा आठवडाभर नको.

बेसा_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला वाचून दाखवलं. वाकड्या मुळांचं तिनं दोनदा वाचायला लावलं आणि लगेच आत्याला फोन केला. केराटिन रद्द. कीटोकोनॅझोल आणला.

दोन गोष्टी अजून. बोअरच्या पाण्याचं काय करू? आणि बाहेरचा जेल महाग पडतो, कोणी म्हणालं जवसाचा घरी होतो, तो खरंच चालतो का?

धंतोली_पार्लर

चालतो, आणि आपल्या विदर्भात तर जवस घरोघरी चटणीसाठी असतोच. चटणीचा भाजलेला घेऊ नका, कच्चा लागतो. जवसाच्या सालात चिकट द्रव असतो, तो गरम पाण्यात सुटतो आणि वाळला की केसावर पातळ पापुद्रा धरतो. त्यानं वळण जागेवर राहतं.

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी. मध्यम आचेवर सतत ढवळत राहा, नाहीतर दाणे तळाला बसतात. सात-आठ मिनिटांनी अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते, तेव्हाच गॅस बंद. याहून घट्ट होऊ दिला तर गाळताच येत नाही. गरम असतानाच गाळायचा, पण मलमलीतून उतरत नाही, स्टीलच्या गाळणीतून किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्यातून पिळा. स्वच्छ बरणीत, फ्रीजमध्ये, आठवडाभर. ओट्यावर ठेवला तर आपल्याकडच्या गरमीत आंबतो. वास बदलला, पाणी सुटलं की फेकून द्या. लेकराच्या डोक्यावर आंबलेलं काही जायला नको.

केस पाण्यानं निथळत असतानाच जेल लावायचा, कानाखालून टोकांपर्यंत. कातडीला लागू देऊ नका, वाळल्यावर त्याचेही पांढरे कण पडतात आणि तुम्हाला वाटेल कोंडा परत आला. मग पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मुलींना हेच सगळ्यात कठीण जातं. वाळल्यावर केस कडक लागतील, तेव्हा तळहातावर दोन थेंब तेल घेऊन मुठीत दाबून मोकळे करा. कुलरच्या झोतात बसवून वाळवू नका, केस उडून फुलतात. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसू द्या.

जेल विकतचा घेतला तर मागे घटक वाचा. ग्लिसरिन पहिल्या तीन-चार नावांत असेल तर एप्रिल-मेमध्ये नको. ग्लिसरिन ओलावा ओढतं. पावसाळ्यात ते हवेतून घेतं, पण आपल्याकडे पारा 45 कडे जातो तेव्हा हवेत ओलावाच नसतो. माझ्याकडे येणाऱ्या पोरींचे केस या दिवसांत अशा जेलनं आणखी रखरखीत होतात.

पाण्याचं : तो पांढरा थर कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, तोच केसावर बसतो. नहायच्या साबणाची वडी केसाला कधीच नको, जड पाण्यात त्याचा चिकट साका होतो आणि शेवटपर्यंत निघत नाही. शेवटचे दोन मग पिण्याच्या फिल्टरचे घ्या, फरक हाताला लागेल. आरओच्या बाजूच्या नळीतून जे वाया जातं ते नका घेऊ, त्यात क्षार जास्त असतात. कीटोकोनॅझोलचा महिना झाला की अधूनमधून ईडीटीए असलेला, जड पाण्यासाठीचा शाम्पू वापरा, साचलेला थर निघतो.

आणि शाळेच्या त्या दोन घट्ट वेण्या. कपाळाच्या कडेचे केस विरळ झालेत का ते एकदा उजेडात बघा. सतत ओढून बांधलं की तिथले केस जातात, आणि वर्षानुवर्षं चाललं तर परत येत नाहीत. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर तिचं डोकं मोकळं राहू द्या. नंतर वेण्या सैल घाला, मध्ये बोट सहज गेलं पाहिजे. झोपताना डोक्यावर सैल अंबाडा आणि उशीला सॅटिनची खोळ. गांधीबागेत कापड घेऊन शिवून टाका, तयार खोळीपेक्षा स्वस्त पडते.

बेसा_आई

कपाळाच्या कडेला डाव्या बाजूला थोडे विरळ आहेत, आत्ताच पाहिलं. तिथे बारीक नवे केस दिसतात पण. वेण्या आजपासून बंद. लग्नाच्या दिवशी केस मोकळे ठेवायचे म्हणते, जमेल का?

धंतोली_पार्लर

बारीक केस दिसतात म्हणजे मुळं जिवंत आहेत, फार बरं वाटलं वाचून.

मोकळे जमतील. जेल आधी एखाद्या रविवारी करून बघा, तिच्या केसांना किती लागतो ते कळेल. हळदीच्या दिवशी कानाखालच्या केसांना तेल लावून वर बांधून टाका, हळद कुरळ्या केसांत गेली की निघता निघत नाही. त्याच संध्याकाळी धुवा, जेल लावा, रात्री सैल अंबाडा. लग्नाच्या सकाळी फक्त अंबाडा सोडायचा आणि बोटांनी मुळाशी थोडं उचलायचं, कंगवा नाही. गजरा माळायचा असेल तर पिना कातडीला टोचतील अशा खोचू नका, कोंड्याची कातडी अजून नाजूक असेल. त्या आठवड्यात कधी धंतोलीकडे आलात तर तिला घेऊन या, मी कंगवा कसा फिरवायचा ते तिच्याच हातानं करून घेईन, पैसे नको.