शब्दचर्चा : इथल्या आगीला ‘वणवा’ म्हणावं का?

सॅन डिएगो :
एका कामासाठी मदत हवी आहे. आमच्या भागातल्या, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, बऱ्याच मराठी घरांत भारतातून आईवडील येऊन सहा सहा महिने राहतात. मुलगा-सून दिवसभर कामावर, घरात दोन वयस्क माणसं, आणि अचानक फोनवर इंग्रजीतून कर्कश इशारा वाजतो. आग जवळ आली तर काय करायचं, याचा त्यांच्यासाठी एकपानी मराठी कागद लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. इथल्या आगीला ‘वणवा’ म्हणू का?

वणवा म्हटलं की मला वैशाख दिसतो. ‘वैशाख वणवा’ असं आपण उन्हालाच म्हणतो. इथला आगीचा काळ मात्र आश्विनात सुरू होतो. २००३ ची ‘सीडर’ आग २५ ऑक्टोबरला लागली, त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. २००७ ची ‘विच’ आग २१ ऑक्टोबरची, दसऱ्याची. रात्रभर वाऱ्यावर धावून दुसऱ्या दिवशी पहाटे ती रँचो बर्नार्डोत शिरली आणि त्या एका वस्तीतली तीनशेहून अधिक घरं गेली. आम्ही तिथून जवळच राहत होतो. मुलीची पाटी पूजेत मांडलेली होती, ती तशीच ठेवून निघालो. आणि लॉस अँजेलिसजवळच्या पॅलिसेड्स आणि ईटन या आगी ७ जानेवारी २०२५ च्या, म्हणजे ऐन पौषातल्या. दोन्ही मिळून सोळा हजारांहून जास्त इमारती जळाल्या.

दुसरी अडचण अशी की इथे वन नाही. डोंगरउतारावर छातीभर, कुठे डोक्याएवढी उंच, चिवट, बारीक पानांची झुडपं, एकमेकांत इतकी गुंतलेली की माणूस आत शिरू शकत नाही. याला ‘चॅपरल’ म्हणतात. वनच नाही तिथे वणवा कसा?

सातारा :
ताई, वणवाच म्हणा. आमच्याकडे तरी तो दाट जंगलाला कुठं लागतो? लागतो तो उघड्या डोंगराच्या वाळल्या गवताला. कुसळं पिवळी पडली की एक काडी पुरते. आमची म्हातारी माणसं तर वणवा हा शब्दही कमीच वापरायची. ‘रान पेटलंय’ म्हणायची. आणि रान म्हणजे झाडीच असं थोडंच आहे? आम्ही शेतालाही रानच म्हणतो.

बडोदे :
व्युत्पत्तीत तुमचं ‘वन’ आहे, पण शब्दाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. संस्कृतात ‘दव’ आणि ‘दाव’ या दोन्हींचा अर्थ रान असाही होतो आणि रानातली आग असाही. वनदव, प्राकृतात वणदव, मधला ‘द’ झिजून मराठीत वणवा. दावाग्नी, दावानल त्याच घरातले. आमच्या आजूबाजूला गुजरातीत अजून नुसतं ‘दव’ म्हणतात, डोंगरावर दव लागला म्हणजे आग लागली. मी लहानपणी घरात मराठी आणि गल्लीत गुजराती बोलत वाढलो. शाळेच्या मराठी पुस्तकात ‘पहाटेचं दव’ वाचून काही काळ खरोखर गोंधळलो होतो. मराठीतलं दव गवताला भिजवतं, गुजरातीतलं जाळतं.

जाता जाता, ‘वडवानल’ हा शब्द रानातल्या आगीला लावलेला वाचनात येतो, तो चूक आहे. वडवानल समुद्राच्या पोटातला. डोंगरावरचा तो दावानल.

नागपूर :
‘इथे वन नाही’ या वाक्यावर थांबले. आमच्या विदर्भात ‘झुडपी जंगल’ ही महसुली नोंद आहे, कागदोपत्री चालत आलेली. ते जंगल की नुसती पडीक जमीन, यावर पिढ्यान् पिढ्या वाद चालला. शेवटी २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच धरायचं, असा निकाल दिला. त्यामुळे तुमच्या चॅपरलला ‘झुडपी रान’ म्हणा, आमच्याकडच्या कुणालाही लगेच कळेल. मी मुद्दाम ‘जंगल’ऐवजी ‘रान’ सुचवते आहे, कारण आमच्याकडचं झुडपी जंगल विरळ, मधे मधे उघडी जमीन असलेलं. तुम्ही वर्णन करता ते गच्च दिसतंय.

सॅन डिएगो :
झुडपी रान! फार उपयोगाचा शब्द दिलात. ‘चॅपरल’ची घडणही अशीच आहे. स्पॅनिशमध्ये ‘चपारो’ म्हणजे खुरटा ओक, आणि त्याला ‘-अल’ लागला की ते जिथे माजलंय ती जागा. आपल्या आमराईतली ‘राई’ जे काम करते तेच.

तुम्ही ‘गच्च’ म्हणालात ते बरोबर, आणि आग समजायला तोच मुद्दा मोठा आहे. साताऱ्याच्या दादांनी सांगितलं ते वाळलेल्या गवताचं. इथे मात्र जे जळतं ते हिरवं असतं. चमीज, मँझनिटा ही झुडपं बारमाही हिरवी, पण पानांत तेल आणि राळ. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे हिरव्या पानातलंही पाणी आटत जातं. लॉस अँजेलिस काउंटीचं अग्निशमन खातं साधारण दर पंधरवड्याला झुडपांच्या डहाळ्या तोडून तोलतं, भट्टीत वाळवून पुन्हा तोलतं. वसंतात सुक्या वजनाएवढं किंवा त्याहून जास्त पाणी निघतं. ते सुक्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या खाली गेलं की धोका. दिसायला झुडूप तेच, हिरवं. आपण ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ हे निरपराध माणसांबद्दल म्हणतो. इथे ते डोंगराकडे बघून शब्दशः म्हणता येतं, आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना नेमकं हेच पटत नाही. ‘एवढं हिरवं आहे, कसं पेटेल?’ हे मी किती जणांकडून ऐकलंय!

आणखी एक शब्द हवाय. इथला रोजचा वारा समुद्राकडून येतो, दमट. आगीच्या दिवसांत तो उलटतो आणि वाळवंटाकडून समुद्राकडे वाहतो. त्याला ‘सांता ऍना’ म्हणतात.

रायगड :
जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा म्हणजे मतलई. आमच्या कोळ्यांचा रोजच्या वापरातला शब्द.

सॅन डिएगो :
मतलई मलाही आठवला होता, खारे वारे आणि मतलई वारे भूगोलात पाठच केले होते. पण मतलई रात्रीचा, हलका, थंड. हा कित्येक दिवस-रात्र सोसाट्याने वाहतो. उंच पठारावरून खिंडींतून खाली उतरताना हवा दाबली जाते आणि दर किलोमीटर उताराला सुमारे १० अंश तापते. हवेतली आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली जाते, ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. याला मतलई म्हटलं तर वाचणारा निर्धास्त होईल.

रायगड :
पटलं. मग कागदावर नाव देऊच नका. ‘डोंगराकडून कोरडा, गरम वारा सुटला की सावध’ एवढं लिहा.

पण माझी एक कळकळीची विनंती आहे. रानात दिसणाऱ्या प्रत्येक आगीला वणवा म्हणू नका. आमच्याकडे शिमग्याच्या पुढेमागे राब भाजतात. कवळं म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण पसरायचं, वर माती टाकायची, वारा पडलेला बघून पेटवायचं आणि माणसांनी भोवती उभं राहायचं. पावसाळ्यात त्याच भाजलेल्या जागेत भाताचं रोप. याला भाजावळ म्हणतात. क्रियापदं बघा : राब *भाजतात*, वणवा *लागतो*. पहिल्यात माणूस कर्ता आहे आणि आग त्याच्या हातात आहे. दुसऱ्यात आगच कर्ता. आणि ‘वणवा लावला’ म्हटलं की तो सरळ आरोप होतो. शहरातली माणसं लांबून धूर बघून तिन्हीला एकच शब्द वापरतात, ते मला फार लागतं.

सातारा :
खरंय. पण आमच्याकडं ‘जाळलं की पुढच्या साली गवत जोमानं येतं’ म्हणून लावणारे आहेत, हेही लपवू नये. त्यात घरटी जातात, सापसरडे जातात, नवी रोपं जातात. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम धरतं. त्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा पट्टा आपणच जाळून किंवा कापून मोकळा करायचा, की आग आली तर तिथं अडेल. ताई, हा शब्द तुमच्या उपयोगाचा आहे.

सॅन डिएगो :
जाळरेषा, भाजावळ, दोन्ही टिपून ठेवले. रायगडकरांनी केलेला ‘भाजणे’ आणि ‘लागणे’ हा फरक इथल्या इतिहासात चटका देणारा आहे. इथले मूळ रहिवासी, कुमेयाय, चुमाश वगैरे, बिया आणि हिरवळ यावी म्हणून ठरवून रान भाजत. १५४२ मध्ये स्पेनच्या वतीने आलेल्या काब्रिलो या दर्यावर्दीने तिथला धूर बघून आजच्या लॉस अँजेलिसजवळच्या उपसागराला ‘धुरांचा उपसागर’ असं नाव दिलं होतं. पुढे स्पॅनिश गव्हर्नरने १७९३ मध्ये या जाळण्यावर बंदी घातली, आणि १८५० च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने माळ पेटवणं शिक्षापात्र ठरवलं. ज्याला ते लोक भाजावळ म्हणाले असते, त्याला राज्यकर्त्यांनी गुन्हा म्हटलं.

पण म्हणून ‘झुडपी रान वरचेवर जाळा’ असा निष्कर्ष इथे काढता येत नाही. वरच्या सिएरा डोंगरांतल्या उंच झाडांच्या जंगलात आग फार काळ अडवून ठेवल्याने कचरा साठला, तिथे आग हवी त्याहून कमी वेळा लागली. चॅपरलचं उलट आहे. त्याच्या काही झुडपांना बुंध्याशी जमिनीत गाठ असते, तिला आगीनंतर धुमारे फुटतात. काहींच्या बिया मातीत अनेक दशकं पडून राहतात आणि आगीच्या धगीने किंवा धुराने जाग्या होतात. पण झुडपाला मोठं होऊन नवं बी धरायला तीसेक वर्षं लागतात. दहा-बारा वर्षांनी पुन्हा जळालं की बी संपतं आणि त्या जागी परकं गवत माजतं, जे लवकर वाळतं आणि अजून लवकर पेटतं. आमच्या मागच्या टेकडीवर हे होताना मी बघते आहे, आणि वाईट वाटतं. लोक म्हणतात, ‘बरं झालं, झुडपं गेली.’

पुणे :
मी बरीच वर्षं बातम्या भाषांतरित केल्या आहेत, त्यातली एक चूक सांगतो, माझ्याही हातून झालेली. ‘आग ४० टक्के आटोक्यात’ असं आपण छापतो. वाचणाऱ्याला वाटतं, ४० टक्के विझली. मूळ अर्थ असा की आगीच्या घेराच्या ४० टक्के लांबीला, ती ओलांडणार नाही असा मोकळा पट्टा पाडून झाला आहे. आत ती धगधगतच असते. ‘४० टक्के वेढली’ लिहायला हवं होतं. वेढली, आटोक्यात, विझली, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

आगींच्या नावांचंही तसंच. ती जिथे सुरू झाली त्या ठिकाणावरून नाव पडतं. ‘विच’ विच क्रीक ओढ्यावरून. २०१८ ची, ८५ माणसांचा बळी घेणारी ‘कॅम्प’ आग एका रस्त्याच्या नावावरून. ‘कॅम्प फायर’ असं जसंच्या तसं छापलं तर मराठी वाचकाला शेकोटी वाटते.

सॅन डिएगो :
‘वेढली’ घेतला. आता शेवटचे तीन शब्द, कारण कागदाचा जीव त्यांत आहे.

पहिला, उडत येणारी ठिणगी. ‘ठिणगी’ फार बारीक वाटते, विझून जाईलशी. इथे वाऱ्यावर जळक्या डहाळ्या, सालीचे तुकडे, छपराचे तुकडे उडत येतात, आगीच्या मैलभर पुढे. बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत. पन्हाळीतल्या वाळक्या पानांत किंवा पोटमाळ्याच्या झरोक्यात असा तुकडा पडतो आणि घर आतून पेटतं.

दुसरा, घराभोवतीची मोकळी जागा. कायद्याने १०० फुटांपर्यंत झुडपं विरळ ठेवायची, आणि भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत पेटेल असं काहीच नको असा आग्रह आहे, पायपुसणंसुद्धा.

तिसरा, निघण्याचे दोन इशारे. एक ‘तयारीत राहा’ आणि दुसरा ‘निघा’. अधिकृत मराठीत दोन्हीला ‘स्थलांतर’ म्हणतील. २००७ मध्ये सासूबाई विचारत होत्या, ‘काय म्हणतायत?’ आणि मला ‘चला’ शिवाय शब्दच सुचला नव्हता.

सातारा :
पहिल्याला ‘उडता निखारा’. निखारा म्हटलं की हात आपोआप मागं येतो. दुसऱ्याला नवा शब्द कशाला, अंगण म्हणा की. सारवून झाडून मोकळं ठेवलेलं अंगण कुठल्याही आजीला कळतं.

बडोदे :
‘स्थलांतर’ नकोच. ते वर्षांचं असतं. सासूबाईंना तुम्ही म्हणालात तोच शब्द योग्य होता.

नागपूर :
आपल्या लहानपणीच्या खेळात सगळं आहे : ‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा.’ पण कागदावर ‘पळा’ नको, वयस्क माणसं पडतील. ‘निघा’ बरा.

सॅन डिएगो :
एवढं जमलंय. बघा :

*‘डोंगराकडून कोरडा वारा सुटला की वणव्याचे दिवस. हिरवं दिसतं तेही पेटतं. उडता निखारा घर पेटवतो. अंगण मोकळं ठेवा, खिडक्या बंद ठेवा. पहिला इशारा : निघायच्या तयारीत राहा. औषधं, चष्मा, पासपोर्ट, पाणी एका पिशवीत. दुसरा इशारा : आत्ता निघा. मुलांची वाट पाहू नका, शेजाऱ्यांचं दार वाजवा. आग वेढली म्हणजे विझली असं नाही. सांगतील तेव्हाच परत या.’*

खाली एक ओळ वाढवायची आहे, आगीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसाची. डिसेंबर २०१७ मध्ये थॉमस आग लागली, आणि ९ जानेवारी २०१८ ला त्याच जळक्या डोंगरावरून मॉन्टेसिटोत चिखल-दगड खाली आले, २३ माणसं गेली. ‘दरड कोसळली’ म्हणू?

रायगड :
दरड नको. दरड एका जागी कोसळते. हे ओढ्याच्या वाटेने वाहत येतं, त्याला लोंढा म्हणतात. ‘जळलेल्या डोंगराखाली राहत असाल तर पहिल्या मोठ्या पावसात लोंढा येतो’ असं लिहा. आणि कागद फ्रिजवर लावू नका, दाराच्या आतल्या बाजूला लावा, चपला असतात तिथे.