हायरम रेव्हल्स: न्हावी, पाद्री, सिनेटर, मूळ व्यवसाय कोणता?

प्रश्न
अमेरिकेच्या सिनेटमधील पहिले कृष्णवर्णीय सदस्य हायरम रोड्स रेव्हल्स यांच्याविषयी वाचताना माझा गोंधळ उडाला आहे. त्यांना एके ठिकाणी न्हावी म्हटले आहे, दुसरीकडे मेथडिस्ट पाद्री, तर तिसरीकडे महाविद्यालयाचे अध्यक्ष. त्यांनी एक काम सोडून दुसरे धरले, की यांतले एखादे आयुष्यभर टिकले? शिवाय, बंडखोर दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्याच जुन्या जागेवर ते बसले, हे खरे आहे का?

उत्तर १
टिकले ते पाद्रीपण. रेव्हल्स नॉर्थ कॅरोलायनात जन्मले, पण गुलाम म्हणून नव्हे. १८३८ पासून ते लिंकनटन येथे थोरला भाऊ इलायस याच्या दुकानात हजामतीचे काम शिकले. १८४१ मध्ये भाऊ वारला आणि वहिनीने पुनर्विवाह करण्यापूर्वी आपली मालमत्ता त्यांच्या नावे केली. पुढे शिक्षणासाठी ते इंडियाना व ओहायोत गेले आणि १८४५ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे धर्मोपदेशक झाले. कृष्णवर्णीयांना उपदेश केल्याबद्दल १८५४ मध्ये मिसूरीत त्यांना तुरुंगवासही घडला. बाल्टिमोरला चर्च आणि शाळा त्यांनी एकाच वेळी सांभाळली. यादवी युद्धात कृष्णवर्णीय पलटणींसाठी भरती केली आणि सैन्यात पाद्री म्हणून सेवाही केली. म्हणजे शिक्षकाचे काय किंवा सैन्यातले काय, ही कामे उपदेशकाच्या कामालाच फुटलेल्या फांद्या होत्या.

राजकारणाचेही तेच. जानेवारी १८७० मध्ये मिसिसिपीच्या राज्य सिनेटचे कामकाज त्यांच्या प्रार्थनेने सुरू झाले. पुढे काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून गेलेले जॉन लिंच यांनी नोंदवले आहे की, त्या प्रार्थनेनेच रेव्हल्स यांना सिनेटर केले. तेव्हा अमेरिकी सिनेटचे सदस्य राज्यांची विधिमंडळे निवडत; मिसिसिपीच्या विधिमंडळात त्यांना ८१ विरुद्ध १५ मते मिळाली. जागा मात्र जेमतेम वर्षभर मुदत उरलेली होती, हे विसरू नये.

उत्तर २
डेव्हिस यांच्या जागेची गोष्ट ऐकायला छान वाटते, पण ती चूक आहे. रेव्हल्स यांना मिळालेली जागा पूर्वी आल्बर्ट ब्राउन यांची होती. त्यांनी ती १८६१ मध्ये सोडली होती.

खरे नाट्य त्यांच्या शपथविधीपूर्वी घडले. सिनेटरला नऊ वर्षांचे नागरिकत्व आवश्यक असते. डेमोक्रॅटिक सदस्यांचे म्हणणे असे की, सर्वोच्च न्यायालयाच्या १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालानुसार कृष्णवर्णीय नागरिकच नव्हते, आणि त्यांना नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ ची असल्याने रेव्हल्स यांच्या नागरिकत्वाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. जन्माने स्वतंत्र असलेल्या आणि पूर्वी ओहायोत मतदान केलेल्या माणसाला हे ऐकावे लागले! अखेर २५ फेब्रुवारी १८७० रोजी ४८ विरुद्ध ८ मतांनी त्यांचा प्रवेश मंजूर झाला. मॅसॅच्युसेट्सचे हेन्री विल्सन त्यांना शपथेसाठी पुढे घेऊन गेले, तेव्हा प्रेक्षक सज्जांत उठून उभे राहिले होते.

प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. मग काही अभ्यासक त्यांच्यावर इतके नाराज का असतात?

उत्तर १
मुख्यतः १८७५ च्या पत्रामुळे. त्या वर्षी मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांवर हिंसाचार झाला आणि डेमोक्रॅटिक पक्ष जिंकला. तरीही रेव्हल्स यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना लिहिलेल्या पत्रात दोष ठेवला तो आपल्याच पक्षाच्या, उत्तरेकडून आलेल्या संधिसाधू रिपब्लिकनांवर. मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांसाठीच्या अल्कॉर्न विद्यापीठाचे पहिले अध्यक्षपद त्यांना १८७४ मध्ये सोडावे लागले होते; ते १८७६ मध्ये, नव्या राजवटीत, परत मिळाले, म्हणून त्याला पत्राचे बक्षीस म्हणणारेही आहेत. मला ते पुरते पटत नाही, कारण माजी बंडखोरांना माफी द्यावी असे ते १८७० पासूनच म्हणत होते आणि त्याच काळात वॉशिंग्टनच्या शाळांतील वर्णभेदाला विरोधही करत होते. मात्र हिंसाचाराविषयी ते फार सौम्यपणे बोलले, हा आक्षेप उरतोच. अल्कॉर्नमधून ते १८८२ मध्ये निवृत्त झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी मिसिसिपीतील अ‍ॅबर्डीन येथे मृत्यू आला, तेव्हाही ते चर्चच्याच परिषदेसाठी गेलेले होते.