नव्या घरासाठी डिझायनर: सांगलीत तरी आधी पाण्याची रेघ विचारणाराच निवडा

गावभागकर
आम्ही सांगलीच्या गावभागात जुनं घर घेतलंय. दगडी जोतं, विटांच्या भिंती, वरच्या मजल्याला लाकडी तुळया. आतून सगळं नव्यानं करायचं म्हणून इंटिरियर डिझायनर बघतोय. माझं मत ठाम आहे आणि त्यावर वाद व्हायला हवा म्हणून इथं मांडतोय.

डिझायनरनं आधी केलेल्या कामांचे फोटो नंतर बघा. पहिल्या भेटीत तो काय विचारतो ते आधी बघा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्याआधी २००५, नंतर २०२१. एवढं होऊनही आमच्याकडे आलेल्या बहुतेकांनी मोबाईल काढून टीव्ही युनिट आणि फॉल्स सीलिंग दाखवायला सुरुवात केली. एकीनं मात्र आल्याआल्या विचारलं, "पाणी कुठवर आलं होतं?" भिंतीवरची रेघ दाखवली तर टेप लावून उंची लिहून घेतली. मग म्हणाली, खाली भिंतीला चिकटून काहीच नको. कपाटाच्या पाठीमागं पोकळी राहिली की पाणी उतरल्यावर गाळ तिथंच बसतो आणि भिंत महिनोन्महिने वाळत नाही. ओट्याखाली ट्रॉल्यांऐवजी कडाप्प्याचे कप्पे करा. तळमजल्याचं वायरिंग वेगळं, म्हणजे खालचं बंद करून वरची लाइट चालू ठेवता येईल. आमच्या घराचा विचार मला तिथं दिसला.

दुसरी अट पैशाची. डिझायनरनं ड्रॉइंगची आणि देखरेखीची फी घ्यावी. प्लाय, लॅमिनेट, बिजागऱ्या आम्ही बिलावर घेऊ, सुतार आमचा. ज्याची कमाई फर्निचरच्या चौरस फुटावर आहे, तो "इथं कपाट नको" असं कशाला म्हणेल?

पुण्यातला सांगलीकर
दादा, पाण्याच्या रेघेचं शंभर टक्के पटलं. पैशाचं अजिबात नाही.

आई-बाबा शामरावनगरला असतात, मी पुण्यात. घराचं काम काढलं तेव्हा सगळं वेगवेगळं दिलं होतं. बेसिनच्या खालून पाणी झिरपायला लागलं तर प्लंबर म्हणाला ग्रॅनाइटवाल्यानं भोक मोठं पाडलं, ग्रॅनाइटवाला म्हणाला सुताराचं माप चुकलं, आणि सुतार म्हणाला प्लाय तुम्हीच आणलेला आहे. सत्तरीतल्या बाबांनी तिघांना फोन करत बसायचं का? आता वरचा मजला एकाच माणसाला पूर्ण दिलाय. चार पैसे जास्त गेले असतील. पण बिघडलं तर एकाच नंबरवर फोन करायचा. जे सांगलीत रोज साइटवर उभे राहू शकतात त्यांच्यासाठी तुमची पद्धत ठीक. आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना ती परवडत नाही.

खणभागचा राजू
मला तर डिझायनरच कशाला हवा ते कळेना. आमच्या आज्याचं सागवानी कपाट २००५ ला पाण्यात होतं, २०१९ ला पण होतं. धुतलं, सावलीत वाळवलं, आज त्यात गोधड्या आहेत. शेजारच्यांच्या नव्याकोऱ्या फर्निचरचा पार्टिकल बोर्ड फुगून भुगा झाला, ट्रॉलीत भरून टाकला. चांगला सुतार मिस्त्री धरा, त्याला दोन वेळचा चहा द्या आणि समोर उभं राहून करून घ्या. फीचे पैसे लाकडात घाला की.

मिरजेची थोरली सून
राजूभाऊ, सुतार कपाट चांगलंच करतो, पण कपाट कुठं हवं ते त्याला कोण सांगणार? आमच्या स्वयंपाकघरात सुतारानं सासऱ्यांच्या सांगण्यावरून सगळं केलं. सासरे कधी ओट्यापाशी उभे राहिलेले नाहीत. मिक्सरचा प्लग गॅसच्या मागं, फोडणीचं तेल उडतं त्याच्यावर. ओटा एवढा उंच की पोळ्या लाटताना खांदे भरून येतात.

गावभागकर दादा, तुमच्या यादीत माझी एक भर घाला. डिझायनर घरी आला की स्वयंपाक कोण करतं हे विचारतो का आणि तिची उंची मोजतो का ते बघा. आणि वर्षाचं धान्य. आमच्याकडे ज्वारी, गहू, डाळी उन्हाळ्यात भरून ठेवतात, शिवाय तिखट, हळद, लोणच्याच्या बरण्या. मोबाईलमधल्या त्या चकचकीत किचनमध्ये पन्नास किलोचं पोतं ठेवायला जागाच नसते. तुमच्याकडे तर धान्य वरच्या मजल्यावरच हवं, म्हणजे जिना रुंद हवा. याचा विचार आधीच करून घ्या.

निवृत्त स्थापत्य अभियंता, विश्रामबाग
तुमची चर्चा कपाटांपाशी अडकली आहे. जुन्या घराच्या विटांच्या भिंतींवर वरच्या तुळयांचा भार असतो. 'हॉल मोठा करू, ही मधली भिंत काढू' असं डिझायनर सहज म्हणून जातो. काही वर्षांनी वर तडे दिसतात. पुरात मुरलेल्या भिंतीचं तर आणखी वेगळं, पायाजवळचा चुना धुऊन गेलेला असू शकतो.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेत नोंदणी लागते. 'इंटिरियर डिझायनर' म्हणवून घ्यायला अशी नोंदणी लागत नाही. शिकून आलेला उत्तम डिझायनरही तेच म्हणवतो आणि काल फर्निचरचं दुकान काढलेलाही तेच. म्हणून भिंतीला हात लावण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्या. डिझायनरनं 'त्याची गरज नाही' म्हटलं तर त्याला तिथंच नमस्कार करा.

रेषा आणि रंग
मी स्वतः या व्यवसायात आहे, सांगली-मिरजेत कामं करते. गावभागकर, तुमची फीची अट मला आवडली, पण आमची बाजूही ऐका. इथं नुसत्या ड्रॉइंगची फी सांगितली की समोरचा म्हणतो, "कागदाचे कसले पैसे, मॅडम?" तीन-चार पर्याय काढून घेतात, फोटो काढतात आणि तेच सुताराकडून करून घेतात. मग डिझायनर दुकानदाराच्या टक्केवारीवर जगायला लागतो. ही पद्धत चुकीचीच आहे, मी टक्केवारी घेत नाही, आणि त्यामुळे कामं हातची गेलेली आहेत. ग्राहक फी द्यायला शिकल्याशिवाय ती बंद होणार नाही.

पुण्यातल्या दादांच्या प्रश्नाचं म्हणाल तर पूर्ण कंत्राट वाईट नसतं, आंधळं कंत्राट वाईट असतं. 'वॉटरप्रूफ प्लाय' एवढ्यावर सही करू नका. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय असं लिहून घ्या. त्याचा चिकटवा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेला असतो. जाडी, लॅमिनेट, बिजागरीचा प्रकार, सगळं कागदावर. आणि शेवटचा हप्ता काम संपल्यावर लगेच देऊ नका, एक पावसाळा जाऊ द्या.

खणभागचा राजू
ताई, ७२ तासांचं ठीक आहे, पण आमच्याकडं पाणी त्याहून जास्त दिवस बसलं होतं. आणि ते स्वच्छ पाणी नव्हतं, गटारीचं पण मिसळलेलं.

रेषा आणि रंग
अगदी बरोबर. म्हणूनच रेघेच्या खाली मरीन प्लायसुद्धा मी सुचवत नाही. प्लाय तगला तरी कडेची पट्टी सुटते, बिजागऱ्या गंजतात. खाली दगड, स्टील आणि उचलून वर नेता येईल असं सुटं फर्निचर. तुमच्या आज्यांचं कपाट टिकलं त्याचं एक कारण ते भिंतीला ठोकलेलं नव्हतं हेही आहे.

गावभागकर
अभियंता साहेब, लेखी अभिप्रायाचं उद्याच बघतो. वहिनी, आमच्याकडे स्वयंपाक आई आणि मी दोघं करतो, आणि आमच्या उंचीत बराच फरक आहे. ओटा आईच्या मापानं करणार.

पुण्यातल्या दादांचा मुद्दा खरा आहे, तरी मी माझ्या मतावर आहे. एक नंबर असणं चांगलं, पण तो नंबर ज्याचा, त्याचाच सामानात फायदा असेल तर चूक कोणाची हे ठरवणारा तिसरा माणूस उरत नाही. माझ्या पद्धतीत देखरेखीची फी घेणारा डिझायनर तो तिसरा असतो. प्लंबर आणि सुतार यांच्यात माप कोणाचं चुकलं ते त्याच्या ड्रॉइंगवरून कळतं.

पुण्यातला सांगलीकर
कळतं, मान्य. पण कळल्यावर दुरुस्तीचा खर्च कोण करणार? तुमचा डिझायनर तर म्हणेल, "माझं ड्रॉइंग बरोबर होतं." तेही करारात कसं लिहून घेणार आहात ते सांगा, मग बाबांना तुमची पद्धत सुचवतो.