तुमच्या लेआऊटखाली (शेत विकून पाडलेल्या प्लॉटांखाली) काय होतं? वर्ध्याच्या आजूबाजूला राहणाऱ्यांनो, सांगा

मंडळी, पिपरी, सिंदी, सावंगी, बोरगाव, उमरी, नालवाडी, म्हसाळा... वर्ध्याला लागून असलेली ही गावं (बऱ्याच गावांच्या नावापुढे कंसात मेघे लागलेलंच) आता फक्त नावाला गावं राहिली. बजाज चौकातून निघालं की वर्धा कुठं संपलं अन् पिपरी कुठं लागली हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. कागदावर ग्रामपंचायत, अन् रस्त्यावर कोचिंग क्लास, जिम, मंगल कार्यालयं.

अन् एक गोष्ट मला फार दिवसांपासून डाचते. खुद्द वर्धासुद्धा असंच बसवलेलं शहर आहे. १८६२ मध्ये जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं, मग १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या लहानशा गावाच्या जागेवर हे शहर आखलं आणि नदीचं नाव त्याला दिलं. पालकवाडीत कोण राहत होतं, कोणाची वावरं होती, विहीर कुठं होती, आज शहरात कोणालाही विचारा, सांगता येत नाही. तेच आता आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा होऊन राहिलं आहे. म्हणून विनंती, तुमचं घर ज्या जागेवर आहे तिथं आधी काय होतं, कोणाचं होतं, तुम्ही कधी आले, काय बदललं, जे आठवते ते लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका.

पिपरीचा पोट्टा
आमचंच वावर होतं भाऊ, म्हणून मीच सुरुवात करतो. पऱ्हाटी (कापूस) अन् तूर, मागच्या तुकड्यात ज्वारी. आबाजी रात्री जागलीला जायचे तिथं आता मेडिकल स्टोअर आहे. बाबांनी विकलं तेव्हा बहिणीचं लग्न, सोसायटीचं कर्ज आणि दोन वर्षांची नापिकी असं सगळं एकत्र आलं होतं, त्यामुळे "का विकलं" असं कोणी विचारलं की मला राग येते. विकलं म्हणून मी शिकलो.

पण एक सांगतो, नवीन लोक नेहमी म्हणतात की इकडचे रस्ते असे वाकडे काहून, एका लेआऊटचा रस्ता दुसऱ्या लेआऊटच्या भिंतीला जाऊन काहून थांबते. कारण सोपं आहे. प्रत्येक वावर वेगळं विकल्या गेलं, वेगळं एनए (बिगरशेती) झालं, ज्यानं घेतलं त्यानं आपल्या धुऱ्यापर्यंतच, म्हणजे बांधापर्यंतच, रस्ता आखला. शेजारच्या वावराचा नकाशा दहा वर्षांनी पास झाला, त्याचा रस्ता दुसरीकडून. म्हणजे तुम्ही आज ज्या कोपऱ्यावर गाडी वळवता तो आमचा धुरा आहे, त्यावर बोरी होत्या. अन् जो रस्ता बारीक आहे पण लांबवर सरळ जाते ती जुनी पांदन समजा, बंडी जायची तेवढीच तिची रुंदी. आमची विहीर ओपन स्पेसमध्ये गेली, वर स्लॅब टाकला, त्यावर आता पोरं बसतात.

पवनारची सून
मी लग्न होऊन पवनारला आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच पावसाळ्यात सांगितलं होतं, इथं खणलं की काही ना काही निघते, टाकून नको देऊ. खरंच निघते. संडासाच्या खड्ड्यात आम्हाला जाड खापऱ्या आणि ही मोठी रुंद वीट मिळाली. विनोबाजी १९३८ मध्ये धाम नदीच्या काठी राहायला आले, त्यांनाही शेत खणता खणता भरत-रामाच्या भेटीची मूर्ती सापडली, ती आश्रमात आहे, ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी नक्की पाहा. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार असं मांडलं होतं, सगळे अभ्यासक ते मानत नाहीत, काही मनसरचं नाव घेतात. पण १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठानं इथं उत्खनन केलं होतं म्हणजे गावाखाली जुनं गाव आहे हे तर पक्कंच.

आता नागपूर रोडनं प्लॉट पडून राहिले, जेसीबी एका दिवसात जे उपसते ते आमच्या सासूबाईंनी जन्मभरात उपसलं नसतं, अन् ते सगळं भरण म्हणून ट्रॉलीत जाते. माझं म्हणणं एवढंच की पाया खोदताना घरच्या कोणीतरी तिथं उभं राहा. काही दिसलं तर फोटो काढा, तलाठ्याला, शाळेच्या मास्तरांना दाखवा.

सावंगीवाले
आमच्याकडे दवाखाना आणि मेडिकल कॉलेज आलं त्यानं गाव बदललं, हे चांगल्या अर्थानं लिहितो. आई आधी मजुरीनं कापूस वेचाईला जायची. मग दोन खोल्या काढल्या, शिकणाऱ्या पोरींना दिल्या, डबे सुरू केले. मणिपूरची, बिहारची, केरळची पोरं आईच्या हातचं झुणका-भाकर खाऊन डॉक्टर झाली, अजून दिवाळीला फोन येतात. १९९७ मध्ये स्थापन झालेलं हिंदी विश्वविद्यालय उमरीकडे पंचटील्यावर आलं तेव्हा तिकडंही असंच झालं असेल, कोणी असेल तर लिहा. जुन्या गावाबद्दल हळहळ आहेच, पण वेचाईच्या दिवसांबद्दल आईला विचारलं तर ती म्हणते ते दिवस नको रे बाप्पा.

वरूड, स्टेशनजवळ
सेवाग्रामबद्दल थोडं. गाव मूळ शेगाव. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले, त्याआधी ते वर्ध्यात मगनवाडीत होते. बुलडाण्याच्या शेगावमुळे टपाल तिकडं जायचं म्हणून १९४० मध्ये नाव सेवाग्राम केलं. आमचं स्टेशन आधी वर्धा पूर्व होतं, आता तेही सेवाग्राम. बाहेरचे पाहुणे सेवाग्राम स्टेशनला उतरतात अन् विचारतात आश्रम कुठं, मग ऑटोवाला सांगते की अजून जायचं आहे. आमच्या वरूडचं नाव मात्र कोणाच्या तोंडी येत नाही, म्हणून मुद्दाम वरती लिहिलं.

नवीन घरवाला, बोरगाव
मी बाहेरचा, यवतमाळ जिल्ह्यातला, नोकरीमुळे आलो. वावर कोणाचं होतं माहीत नव्हतं, हा धागा वाचून शेजारच्या काकांना विचारलं तर म्हणे कापसाचंच. म्हणजे चांगली खोल काळी माती. ज्यांना बांधायचं आहे त्यांनी हे आधीच विचारून घ्या, कारण ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते अन् भिंती सोबत घेऊन जाते. खाली मुरूम लागेपर्यंत खोदून कॉलमवर घर घ्या. वरवरच्या पायावर बांधलेल्या आमच्या गल्लीतल्या घरांना दारांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा पडल्या आहेत.

वर्धेकर, मूळचा
ही गावं वर्धा नगरपालिकेत घ्यायची का, हा हद्दवाढीचा विषय निघतोच म्हणून. वर्ध्याची नळयोजना धाम नदीवर, पवनार आणि येळाकेळीवरून पाणी उचलतात, नगरपालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेला लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. हद्दीबाहेर तेवढीच दाट वस्ती, पण भुयारी गटार नाही, प्रत्येकाचा सेप्टिक टँक. ग्रामपंचायतीची माणसं मेहनत घेतात हे मी पाहतो, पण मोजक्या कर्मचाऱ्यांत एवढ्या घरांचा कचरा कसा उचलायचा? टॅक्स वाढेल म्हणून लोक शहरात यायला नको म्हणतात. मला वाटते यायला पाहिजे, पण गावाचं नाव वॉर्डाच्या नंबरात जाऊ न देता.

रिटायर्ड मोजणीवाला
सगळं वाचलं, फार बरं वाटलं. आठवणी लिहा, पण सोबत कागदही काढा, कारण आपल्याकडे कागद आहे. आपला भाग मध्य प्रांतातला, १९५१ मध्ये मालगुजारी (इकडची जमीनदारी) संपली, आणि गावाची सामाईक जागा, चराई, पांदन, मसणवट, तळं, कोणत्या विहिरीवर कोणाचा पाण्याचा हक्क, हे सगळं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवलेलं असते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत या दोन्हींची कलमं आहेत, १६१ आणि १६५. तहसीलमध्ये अर्ज करून नक्कल मागता येते. भूमी अभिलेखमधून जुना गाव नकाशा घ्या, त्यावर पांदन, नाला, गावठाण दाखवलेलं असते. मग तो नकाशा घेऊन लेआऊटमध्ये फिरा. नाला कुठं बुजवला ते कळते, अन् पावसाळ्यात कोणाच्या घरात पाणी काहून शिरते तेही त्यातच सापडते. नोकरीत असताना असे किती नकाशे हातून गेले, तेव्हा ते फक्त काम होतं.

पिपरीच्या भाऊ, तुमच्या वावराच्या जुन्या सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर घरी असेल तर जपून ठेवा अन् मला भेटा. विहीर नेमकी कोणत्या प्लॉटला लागून आली ते मी जुन्या नकाशावरून काढून देतो. पवनारच्या ताई, तुम्ही सासूबाईंकडून शिवाराची जुनी नावं लिहून घ्या, नकाशात फक्त नंबर असतात.

पवनारची सून
आजच विचारलं काका. सासूबाईंनी बसल्या जागी भराभर नावं सांगितली, चिंचेचं वावर, खाऱ्या विहिरीचं, नदीकडचं बारकं. बाकीची उद्या दुपारी वहीत उतरवून इथं टाकते.