२९ फेब्रुवारीला ठेवलेल्या मुदत ठेवीचे वर्ष कोणत्या तारखेला पूर्ण होते?

प्रश्न (इंदूर)
येथील एका सहकारी पतसंस्थेसाठी आम्ही मुदत ठेवींची प्रणाली लिहीत आहोत. २९ फेब्रुवारी २०२४ च्या ठेवीत पोस्टग्रेस या डेटाबेसने एक वर्ष मिळवले की २८ फेब्रुवारी २०२५ येते; ठेवीदाराला दिसणाऱ्या पानावर मात्र जावास्क्रिप्ट या भाषेतील सेटफुलइयर या आदेशाने वर्ष बदलले की १ मार्च येते. पावतीवर कोणती तारीख छापावी? सरळ ३६५ दिवस मिळवले तर प्रश्न सुटेल का?

उत्तर (वडोदरा)
दोन्ही साधने आपापल्या नियमाप्रमाणेच चालत आहेत. पोस्टग्रेस महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबते, जावास्क्रिप्ट उरलेला दिवस पुढच्या महिन्यात ढकलते. (पायथन या भाषेतील रिप्लेस हा आदेश अस्तित्वात नसलेली तारीख बनवण्यास थेट नकार देतो आणि मला तेच सर्वांत प्रामाणिक वाटते.) म्हणून हा निर्णय संगणकीय भाषेवर न सोडता संस्थेकडून लेखी घ्यावा. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (हुंडी, वचनचिठ्ठी, धनादेश यांविषयीच्या कायद्याच्या) कलम २३ नुसार, मुदत ज्या महिन्यात संपते त्यात त्या क्रमांकाचा दिवसच नसेल, तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुदत संपली असे धरतात. ठेवीची पावती ही हुंडी नव्हे, त्यामुळे हे कलम तिला आपोआप लागू होत नाही. तरीही संस्थेपुढे ठेवण्यासाठी इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही.

उत्तर (इंदूर)
३६५ दिवसांचा मार्ग कृपया धरू नका. तो फसवा आहे, कारण नेमक्या २९ फेब्रुवारी २०२४ साठी तो २८ फेब्रुवारी २०२५ हेच उत्तर देतो आणि चाचणी निर्धोक पार पडते. मात्र २८ फेब्रुवारी २०२४ ची ठेव त्याच हिशेबाने २७ फेब्रुवारी २०२५ ला संपते आणि १ मार्च २०२३ ची २९ फेब्रुवारी २०२४ ला. म्हणजे १ मार्च २०२३ ते २८ फेब्रुवारी २०२४ या काळात वर्षभराची ठेव ठेवणाऱ्या प्रत्येकाची मुदत एक दिवस आधीच संपते. लीप दिवसाची चाचणी केवळ लीप दिवसावर घेऊन भागत नाही.

मासिक व्याज देत असाल तर प्रत्येक हप्त्याची तारीख मूळ तारखेपासूनच काढा. ३१ जानेवारी २०२४ मध्ये एकदम दोन महिने मिळवले तर ३१ मार्च येते, पण एकेक महिना पुढे गेल्यास २९ फेब्रुवारीवरून २९ मार्चला पोहोचतो आणि हरवलेले दोन दिवस पुन्हा सापडत नाहीत.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मुदतीची तारीख यापुढे केवळ डेटाबेसमध्ये काढली जाईल आणि पानावर तीच दाखवली जाईल. कलम २३ चा नियम संस्थेच्या लेखी मंजुरीसाठी पाठवत आहोत.