दोन केबी रॅममध्ये व्हिटर्बी डिकोडर बसवता येईल का?

बंधारा_प्रकल्प (कसबा बावडा): अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी मोजून ती रेडिओने पाठवत आहोत. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असल्याने एकही अंक चुकून चालणार नाही, म्हणून १२८ बिटांच्या संदेशाला १/२ दराचा, ६४ स्टेटचा कन्व्होल्यूशनल कोड लावला आहे (चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून प्रत्येक बिटामागे दोन बिट पाठवणारा; आधीच्या सहा बिटांच्या ६४ शक्य स्थिती म्हणजे स्टेट). आलेल्या बिटांवरून सर्वांत जुळणारा संदेश शोधणारा व्हिटर्बी डिकोडर लॅपटॉपवर उत्तम चालतो. मात्र २ केबी रॅमच्या मायक्रोकंट्रोलरवर बंद पडतो. प्रत्येक स्टेटपर्यंतचा संपूर्ण मार्ग मी अ‍ॅरेमध्ये ठेवतो आणि प्रत्येक पायरीला दुसऱ्या अ‍ॅरेमध्ये उतरवतो. त्याऐवजी ५जीमधला एलडीपीसी हा चूक-दुरुस्तीचा दुसरा कोड वापरावा का?

जुना_आरएफवाला: कोड बदलू नका. इतक्या लहान संदेशाला एलडीपीसीचा विशेष लाभ होत नाही, आणि तुमची अडचण कोडची नसून साठवणुकीची आहे. संदेशाच्या शेवटी जोडायची सहा शून्ये धरून १३४ बिटांचा मार्ग १७ बाइट घेतो. ६४ मार्गांचे १०८८ बाइट आणि तेवढीच दुसरी प्रत, म्हणजे रॅम तिथेच संपली.

मुळात मार्ग साठवण्याची गरजच नाही. प्रत्येक स्टेटमध्ये दोनच शाखा येऊन मिळतात. त्यांपैकी कमी चुकांची कोणती ठरली, एवढा एक बिट लिहून ठेवा. एका पायरीचे ६४ बिट म्हणजे ८ बाइट, आणि १३४ पायऱ्यांचे १०७२ बाइट. मेट्रिकच्या (प्रत्येक स्टेटपर्यंतच्या चुकांची बेरीज) दोन ओळींना, दोन बाइटांचे आकडे धरले तरी, २५६ बाइट पुरतात. सहा शून्यांमुळे एन्कोडर शेवटी शून्य स्टेटमध्येच असतो, त्यामुळे तिथून उलट चालत आलात की संदेश हाती येतो. १९६७ मध्ये व्हिटर्बी यांनी मांडलेल्या या पद्धतीची खरी कमाई ही की २ चा १२८ वा घात इतक्या संदेशांशी तुलना करण्याऐवजी सुमारे १७ हजार बेरजांत काम भागते.

रिसीव्हर प्रत्येक बिटाची खात्री तीन बिटांत सांगू शकत असेल, तर ती जरूर वापरा. नुसत्या शून्य-एकच्या तुलनेत जवळपास २ डेसिबलचा फायदा होतो, आणि तो अँटेना उंच करण्यापेक्षा स्वस्त पडतो.

बंधारा_प्रकल्प: आभारी आहे सर, डिकोडर बसला. आमचे मॉड्यूल फक्त शून्य-एकच देते. शिवाय काठावरच्या शेतीपंपाचा स्टार्टर पडला की सलग पंधराएक बिट बिघडतात आणि तो संदेश हमखास चुकतो.

ऊसपट्टा: सलग चुका ही व्हिटर्बीची दुखरी नस आहे, विखुरलेल्या चुका तो सहज पचवतो. पाठवण्याचे २६८ बिट, चार भरतीचे बिट जोडून, १६ रकान्यांच्या १७ ओळींत आडवे भरा आणि रकान्यांनुसार उभे पाठवा. उलट मांडणी केल्यावर पंपाने बिघडवलेले शेजारचे बिट एकमेकांपासून पंधरा-सोळा जागा दूर जातात. यासाठी ३४ बाइटांचा बफर पुरतो. मॉड्यूल सिग्नलची ताकद सांगत असेल आणि स्टार्टरच्या क्षणी ती अचानक उसळत असेल, तर त्या बिटांचे वजन मेट्रिकमध्ये शून्य धरा. चुकीचा बिट ठामपणे मानण्यापेक्षा तो आलाच नाही असे समजणे डिकोडरला सोपे जाते.

जुना_आरएफवाला: सहमत. फक्त शेवटी सीआरसी (संदेश बिनचूक आला का हे तपासणारे जास्तीचे बिट) ठेवा, कारण व्हिटर्बी चुकला तरी उत्तर देतोच, आणि ते दिसायला अगदी बरोबर असते.